नेम शिकवल्याने मरण टळतं का?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते डॉक्टर सरकारी रुग्णालयात वर्षानुवर्षं शवविच्छेदनं करत होते. मृत्यूच्या कारणापुढे 'अपघात' एवढंच लिहून मोकळं होणाऱ्यांवर ते चिडत. कसला अपघात, हत्यार कुणाचं, ते घरात कुठे ठेवलं होतं, हे विचारल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. आजचा विषय त्यांच्या या सवयीला धरून आहे. बंदूक बाळगायची तर आधी रीतसर शिकून घ्या, अशी कायद्याने सक्ती केली तर बंदुकीने होणारे मृत्यू कमी होतात का?

संयोजकांपैकी एकजण मला म्हणाले, "सर, हा अमेरिकेतल्या लोकांचा प्रश्न. आपल्याकडे कुणाच्या घरात बंदूक आहे?" मी म्हटलं, कोकणातल्या पाहुण्यांना विचारा. रानडुकरं आणि माकडं भाताची, बागायतीची नासधूस करतात म्हणून शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बंदूक असलेली घरं सिंधुदुर्गात आणि गोव्यात आजही आहेत. तरी त्यांचं म्हणणं निम्मं खरं होतं. हा प्रश्न आकड्यांनिशी तपासता येईल इतके मृत्यू आणि इतके निरनिराळे कायदे एका अमेरिकेतच सापडतात. पन्नास राज्यं आणि पन्नास तऱ्हा. एका राज्याने सक्ती आणली, शेजारच्याने आणली नाही, तिसऱ्याने होता तो कायदाही रद्द केला. त्यामुळे आजचा बराचसा वेळ आपण तिकडे असणार आहोत. शिवाय आपल्यापैकी अनेकांची मुलं-सुना-नातवंडं न्यू जर्सीत नि टेक्ससमध्ये राहतात. नातू शेजारच्या मित्राकडे खेळायला जातो तेव्हा त्या घरात बंदूक आहे का, हे विचारायचं असतं असं तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी आपल्याच मुलींना सांगितलेलं आहे. फोनवर आजी-आजोबांना ते सांगत नाहीत, एवढंच.

सक्तीच्या प्रशिक्षणाची कल्पना लोकांना चटकन पटते. बंदुकीच्या बाजूच्याला वाटतं, चला, बंदूक तर राहिली. विरोधकाला वाटतं, काहीतरी बंधन आलं. पुढाऱ्याला वाटतं, कुणी दुखावलं नाही. दोन्ही बाजू इतक्या सहज मान डोलावतात तिथे मला जरा शंका येते. माझं मत आधीच सांगून टाकतो. नुसत्या प्रशिक्षणाने मृत्यू कमी झाल्याचा भरवशाचा पुरावा नाही. प्रशिक्षण एखाद्या कडक परवाना पद्धतीचा भाग म्हणून येतं तेव्हा मृत्यू कमी झालेले दिसतात, पण तिथेही श्रेय वर्गातल्या धड्याला द्यावं की परवान्याच्या रांगेला, हा प्रश्न उरतो. आणि माझा कल रांगेकडे आहे.

आता हिशेब मांडू. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त. खून २०,९५८. आणि ज्याला आपण खरोखर अपघात म्हणू, साफ करताना सुटली, हातातून पडली, मुलाच्या हाती लागली, असे मृत्यू ५४९. शंभरात एक. उरलेले पोलिसांच्या गोळीने झालेले किंवा कारण ठरवता न आलेले. आपल्या डॉक्टरांचा रकाना असा भरला की पहिली अडचण लगेच समोर येते. बंदुकीच्या वर्गात जे शिकवतात ते या शंभरातल्या एकासाठी असतं. नळी सुरक्षित दिशेला ठेवा, नेम धरेपर्यंत चापावर बोट नको, प्रत्येक बंदूक भरलेली आहे असं समजूनच हाताळा. हे सगळं उत्तम आहे. पण ज्याने चाप ओढायचा म्हणूनच ओढला, त्याच्यापुढे या नियमांचं काय चालणार?

अपघाताच्या बाबतीत मात्र शिक्षणाने काम केलेलं आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. १९४९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने शिकारीच्या परवान्यासाठी सुरक्षेचा वर्ग सक्तीचा केला. पुढे इतर राज्यांनी तेच केलं, जोडीला भडक नारिंगी रंगाचे अंगरखे आले, आणि जंगलात एका शिकाऱ्याने दुसऱ्याला हरीण समजून मारण्याचे प्रकार काही दशकांत कितीतरी पटींनी घटले. इथे प्रशिक्षण लागू पडलं, कारण चूक होती ती अज्ञानाची आणि उतावीळपणाची. हातात बंदूक असलेल्या माणसाला समोरच्याला मारायचं नव्हतंच. कोकणात रानडुकराच्या मागे रात्री निघालेल्या टोळीतला कुणी झुडपाआडच्या सोबत्यावरच बार काढतो, अशा बातम्या आपण वाचतो. त्या घटनांना हे औषध चालेल. त्याबद्दल माझा वाद नाही.

पण घरातल्या अपघातांकडे वळलं की चित्र बदलतं. २००१ मध्ये बालरोगशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात अटलांटातल्या डॉक्टरांचा प्रयोग छापून आला. आठ ते बारा वर्षांचे ६४ मुलगे, दोघा-तिघांचे २९ गट. प्रत्येक गटाला एका खोलीत पंधरा मिनिटं बसवायचं. खोलीला एका बाजूने दिसणारी काच, आणि काचेपलीकडे डॉक्टर. एका खणात पाण्याच्या दोन पिचकाऱ्या, म्हणजे खेळण्यातली पिस्तुलं, आणि दुसऱ्या खणात एक खरंखुरं पिस्तूल. गोळी अर्थातच नाही. पण आत अशी सोय केलेली, की गोळी सुटेल इतक्या जोराने चाप ओढला तर ते डॉक्टरांना कळावं. २९ पैकी २१ गटांना ते सापडलं. १६ गटांनी ते हातात घेऊन पाहिलं. आणि १० गटांतल्या कुणी ना कुणी चाप ओढला. ज्यांना पिस्तूल सापडलं त्यांपैकी निम्म्यांना ते खरं की खोटं हे कळलं नव्हतं.

इथवर मुलं ती मुलंच, असं म्हणता येईल. पण नंतर त्या मुलांना विचारलं की तुम्हाला बंदुकीपासून जपायचं कुणी शिकवलं होतं का? ज्यांनी पिस्तूल हाताळलं किंवा चाप ओढला त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांनी सांगितलं, हो, शिकवलं होतं. आईने, वडिलांनी, शाळेत, कुठेतरी. तिथल्या बंदूकधारकांच्या बड्या संघटनेने, नॅशनल रायफल असोसिएशनने, १९८८ पासून 'एडी ईगल' नावाच्या गरुडाच्या तोंडून लहान मुलांसाठी एक पाठ चालवला आहे. थांब, हात लावू नको, तिथून निघ, मोठ्यांना सांग. चार-पाच वर्षांच्या मुलांवर मानसशास्त्रज्ञांनी तो तपासला. पोरं ते चारही नियम घडाघडा म्हणून दाखवत, पण एकट्याने खरी बंदूक दिसली की त्यांतलं काही करत नसत. आपल्याकडे परवचा पाठ असलेला मुलगा दुकानात हिशेब चुकतो, तसं. प्रत्यक्ष प्रसंग उभा करून पुनःपुन्हा सराव घेतला तेव्हा फरक पडला, पण तो सराव घेणार कोण, आणि किती घरांत?

मुलांचं जाऊ द्या, मोठ्यांचं पाहू. १९९५ मध्ये हार्वर्डमधल्या डेव्हिड हेमेनवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध केली. बंदूकधारकांना विचारलं की तुम्ही प्रशिक्षण घेतलंय का, आणि बंदूक घरात कशी ठेवता? अपेक्षा अशी, की शिकलेला माणूस ती रिकामी करून कुलपात ठेवत असेल. निघालं उलटं. प्रशिक्षण घेतलेल्यांत भरलेली आणि कुलपाबाहेरची बंदूक ठेवणाऱ्यांचं प्रमाण जास्त होतं. याचा अर्थ प्रशिक्षणाने माणूस बेफिकीर होतो असा लगेच काढू नका. जो माणूस चोराच्या भीतीने बंदूक घेतो तोच वर्गालाही जातो आणि तोच ती उशाशी ठेवतो, असंही असेल. एकदाच घेतलेल्या पाहणीतून आधी काय आणि मागून काय ते ठरत नाही. पण एवढं नक्की, की वर्गात बसल्याने सवय सुधारली असं दिसलं नाही. आणि भरलेली बंदूक हाताशी हवी, तरच ती वेळेला कामी येईल, हा धडाही काही वर्गांत दिला जातो. शिक्षक प्रामाणिकपणे शिकवत असतो. प्रश्न तो काय शिकवतो हा आहे.

इथे थोडा इतिहास. मघाशी ज्या संघटनेचं नाव घेतलं ती १८७१ साली स्थापन झाली. यादवी युद्धात उत्तरेच्या सैनिकांचा नेम इतका सुमार होता की युद्ध संपल्यावर दोन माजी अधिकाऱ्यांनी शिपायांना आणि नागरिकांना नेमबाजी शिकवण्यासाठी ती काढली. अमेरिकेतल्या बंदूक-शिक्षणाची गंगोत्री ही. नेम चुकू नये हा तिचा मूळ हेतू. सुरक्षेचा अभ्यासक्रम नंतर वाढत गेला, पण आजही वर्गाचा रस चांदमारीत असतो. २०१८ मध्ये छापून आलेल्या एका राष्ट्रीय पाहणीत दिसलं की दर पाच बंदूकधारकांपैकी तिघांनी कसलं ना कसलं रीतसर प्रशिक्षण घेतलेलं आहे. म्हणजे प्रशिक्षणाचा दुष्काळ नाही. पण त्या प्रशिक्षणात आत्महत्या टाळण्याबद्दल काही सांगितलं होतं का, असं विचारल्यावर फक्त पंधरा टक्के हो म्हणाले. निम्म्याहून जास्त मृत्यू ज्या कारणाने होतात त्याबद्दल वर्गात अवाक्षर नाही.

आता मी आत्महत्यांकडे येतो. विषय जड आहे, पण टाळला तर आजचं व्याख्यान फुकट जाईल.

ह्यूस्टनमध्ये झालेल्या एका अभ्यासात, आत्महत्येच्या प्रयत्नातून जेमतेम वाचलेल्या तरुणांना विचारलं होतं की ठरवल्यापासून प्रत्यक्ष करेपर्यंत किती वेळ गेला? जवळपास चौथा हिस्सा म्हणाला, पाच मिनिटांपेक्षा कमी. दुसरी गोष्ट, एकदा वाचलेल्यांपैकी सुमारे दहात नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. ती वेळ टळली की बहुधा टळली. तिसरी गोष्ट, बंदुकीने केलेला प्रयत्न दहांत आठ-नऊ वेळा जीव घेतो, आणि गोळ्या खाऊन केलेले बहुतेक प्रयत्न फसतात. या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवा. हातात काय लागलं यावर माणूस वाचतो की जातो, ते ठरतं. बंदूक चालवण्याचं कौशल्य इथे कुणाला वाचवत नाही.

याचा मला माहीत असलेला सर्वांत स्वच्छ पुरावा इस्रायली सैन्यातून येतो. तिथे अठरा वर्षांची मुलं-मुली सक्तीने सैन्यात जातात. शस्त्राचं प्रशिक्षण त्यांच्याइतकं कुणाचं असेल? तरीही तरुण सैनिकांच्या आत्महत्या होत होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याचशा शुक्रवार-शनिवारच्या सुटीत, घरी, सोबत नेलेल्या रायफलीने. २००६ मध्ये सैन्याने एक नियम बदलला. सुटीवर जाताना शस्त्र तळावर ठेवून जायचं. एवढंच. नवा अभ्यासक्रम काढला नाही, तास वाढवले नाहीत. पुढच्या दोन वर्षांत सैनिकांच्या आत्महत्या सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झाल्या. ही घट मुख्यतः सुटीच्या दिवसांतली होती. कामाच्या दिवसांत फारसा फरक नव्हता. म्हणजे घरी बंदूक नाही म्हणून पोरं तळावर परतल्यावर तेच करत बसली, असंही झालं नाही. हा निष्कर्ष माझ्या मते आजच्या प्रश्नाला जवळजवळ पुरा पडतो. शिकवणं होतं तितकंच राहिलं, फक्त बंदूक आणि घर यांच्यात अंतर पडलं, आणि माणसं वाचली.

दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्निया. तिथे पिस्तूल घ्यायचं तर आधी सुरक्षेची लेखी परीक्षा द्यावी लागते. तीस प्रश्न, त्यांतले तेवीस बरोबर हवेत. त्याच राज्यातल्या दोन कोटी साठ लाखांहून अधिक प्रौढांचा बारा वर्षांचा मागोवा घेणारा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पिस्तूल नसलेल्या पुरुषांशी तुलना केली तर पिस्तूलधारक पुरुषांनी बंदुकीने आत्महत्या करण्याचं प्रमाण सुमारे आठपट निघालं. बायकांमध्ये ते पस्तीसपट होतं. परीक्षा नसती तर आकडे याहून वाईट असते का, ते या अभ्यासावरून सांगता येत नाही. पण परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा दाखला कुणाच्या जिवाचा विमा नाही, एवढं समजायला तो पुरेसा आहे.

वादविवादात हमखास येणारा मुद्दा म्हणजे गाडीचा. गाडी चालवायला लायसन्स लागतं, शिकावं लागतं, मग बंदुकीला का नको? मुद्दा मांडणाऱ्यांना वाटतं की गाडीच्या बाबतीत शिकवल्याने अपघात कमी झाले हे सिद्धच आहे. तसं नाही. जॉर्जियातल्या डीकाल्ब परगण्यात सत्तरच्या दशकाच्या शेवटी सोळा हजारांच्या आसपास शाळकरी मुलांवर मोठा प्रयोग झाला. काहींना उत्तम, लांबलचक ड्रायव्हिंगचं शिक्षण, काहींना कमी, काहींना काहीच नाही. अपघातांत टिकाऊ घट दिसली नाही. एक भलताच परिणाम मात्र दिसला, शिकलेल्या मुलांनी लायसन्स लवकर काढलं आणि ती लवकर रस्त्यावर आली. पुढे अमेरिकेत तरुणांचे अपघाती मृत्यू कमी झाले ते टप्प्याटप्प्याच्या लायसन्समुळे. रात्री चालवायचं नाही, सोबत मित्रांचा घोळका न्यायचा नाही, काही महिने मोठं माणूस शेजारी हवं. म्हणजे गाडीचं उदाहरण दिलं तर ते माझ्याच बाजूने साक्ष देतं.

तरीही प्रशिक्षणाच्या बाजूने सांगण्यासारखं एक भक्कम प्रकरण आहे, ते झाकून ठेवणं बरं नाही. कनेक्टिकट. १९९५ मध्ये या राज्याने पिस्तूल विकत घेण्याआधी परवाना सक्तीचा केला. अर्जदाराने स्वतः स्थानिक पोलिसांकडे जायचं, बोटांचे ठसे द्यायचे, गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासून घ्यायची आणि किमान आठ तासांचं सुरक्षा-प्रशिक्षण पुरं करायचं. खरेदीचं किमान वयही वाढवलं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या डॅनियल वेबस्टर आणि सहकाऱ्यांनी नंतर हिशेब केला. पहिल्या दहा वर्षांत बंदुकीने होणारे खून अपेक्षेपेक्षा सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी. अधिक काळाचे आकडे घेऊन हिशेब पुन्हा केला तेव्हा घट सुमारे अठ्ठावीस टक्क्यांवर आली, पण राहिली. बंदुकीच्या आत्महत्याही घटलेल्या दिसल्या. आता कुणीही म्हणेल, पाहा, आठ तासांचा वर्ग, आणि एवढे जीव वाचले.

थांबा. मिसुरीकडे पाहा. तिथे १९२१ पासून पिस्तूल घ्यायला परवाना लागत असे. परगण्याच्या शेरीफच्या कचेरीत स्वतः जायचं, चौकशी व्हायची, मग कागद मिळायचा. प्रशिक्षणाची अट नव्हती. २००७ मध्ये हा कायदा रद्द झाला. त्याच गटाच्या अभ्यासात बंदुकीचे खून पंचवीस टक्क्यांच्या आसपास वाढल्याचं निघालं, आणि नंतरच्या, लांब पल्ल्याच्या हिशेबात ती वाढ सत्तेचाळीस टक्के निघाली. बंदुकीच्या आत्महत्या सुमारे चोवीस टक्क्यांनी वर. म्हणजे एका राज्यात प्रशिक्षणासह परवाना आला आणि मृत्यू घटले. दुसऱ्या राज्यात प्रशिक्षण नसलेला परवाना गेला आणि मृत्यू वाढले. दोन्हीकडे समान गोष्ट परवाना. आठ तासांचा वर्ग एकीकडेच होता.

कबूल आहे, दोन राज्यांवरून जग ठरत नाही. नव्वदच्या दशकात सगळ्याच अमेरिकेत गुन्हे घटत होते, आणि मिसुरीच्या आकड्यांत २०१४ मध्ये तिथल्याच फर्ग्युसन गावात पोलिसाच्या गोळीने एक तरुण मेल्यानंतरची अशांतताही मिसळलेली आहे. संशोधकांनी इतर राज्यांच्या मिश्रणाशी तुलना करून हे दोष शक्य तितके वजा केले आहेत, पूर्ण वजा होत नसतात. कपड्यांआड बंदूक लपवून फिरायच्या परवान्यांबद्दलच्या एका अलीकडच्या अभ्यासात प्रत्यक्ष गोळीबाराच्या सरावाची अट असलेल्या राज्यांत हल्ल्यांची वाढ कमी दिसली, असंही संशोधक सांगतात. पण ज्या राज्याने सरावाची अट घातली त्याने बहुधा आणखीही चार अटी घातलेल्या असतात. कोणत्या अटीने काय साधलं, हे सुटं करणं कठीण. म्हणून मी 'पुरावा नाही' असं म्हणतो, 'उपयोग नाही' असं म्हणत नाही.

मग शेरीफच्या कचेरीत नेमकं काय घडतं? कुणीतरी समोरासमोर पाहतं. बायकोवरच्या रागाने धुमसणारा माणूस आज अर्ज करतो, कागद काही आठवड्यांनी येतो. दुसऱ्याच्या वतीने, गुन्हेगार भावासाठी पिस्तूल घ्यायला आलेली मुलगी पोलिसापुढे उभं राहायला कचरते. कॅनडाने १९८९ च्या माँट्रियलमधल्या हत्याकांडानंतर जे कायदे केले त्यांत सुरक्षेचा वर्ग आहेच. पण नव्या अर्जदाराला किमान अठ्ठावीस दिवस थांबावं लागतं, दोन ओळखीच्यांची साक्ष लागते, आणि सध्याच्या किंवा नुकत्याच सुटलेल्या जोडीदाराला अर्जाची कल्पना दिली जाते. घरात काय चाललंय हे बायकोला ठाऊक असतं, प्रशिक्षकाला नसतं. जपानमध्ये तर पोलीस शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतात आणि कपाटाचं कुलूप पाहून जातात.

या बाजूलाही एक गैरसोयीचा मुद्दा आहे. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदूक बाळगून फिरण्याच्या परवान्याचा न्यूयॉर्कचा जुना कायदा मोडीत काढला. त्या खटल्यात ब्राँक्समधले, गरिबांचे फुकट खटले लढवणारे वकील बंदूकवाल्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं, की कडक परवाना म्हणजे श्रीमंत गोऱ्याला बंदूक आणि काळ्या गरिबाला तुरुंग. निकालानंतर न्यूयॉर्कने सोळा तासांचा वर्ग आणि दोन तासांचा गोळीबाराचा सराव सक्तीचा केला. रात्रपाळीच्या परिचारिकेने अठरा तास आणि त्याची फी कुठून काढायची? दुसरीकडे आज २९ राज्यांत कसल्याही परवान्याशिवाय पिस्तूल खिशात घालून फिरता येतं. तास वाढवणं आणि सगळंच सोडून देणं, या दोन टोकांत अमेरिका विभागलेली आहे, आणि कुलपाचा विचार कुणीच पुरेसा करत नाही.

तो विचार मिशिगन राज्याने थोडा केला, तोही चार मुलं गेल्यावर. नोव्हेंबर २०२१ मध्ये ऑक्सफर्ड नावाच्या गावातल्या शाळेत पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्याने गोळीबार केला. पिस्तूल वडिलांनी चारच दिवसांपूर्वी आणलेलं. मधल्या शनिवारी आई त्याला सरावाच्या मैदानावर घेऊन गेली होती. म्हणजे त्या मुलाला हाताळायला शिकवलं होतं, आईच्या देखरेखीखाली. हल्ल्याच्या सकाळी शाळेने पालकांना बोलावून त्याने काढलेली भयंकर चित्रं दाखवली. त्यांनी त्याला घरी नेलं नाही, पिस्तूल कुठे आहे तेही पाहिलं नाही. २०२४ मध्ये आई आणि वडील दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. मिशिगनने मुलांपासून बंदूक कुलपात ठेवण्याचा कायदा केला. अमेरिकेतल्या बंदूक कायद्यांचा एकूण आढावा घेणाऱ्या रँड या संस्थेच्या मते, ज्या कायद्यांच्या परिणामाचा पुरावा सर्वांत भक्कम आहे त्यांत हाच प्रकार अग्रभागी येतो. मुलांच्या हाती लागेल अशी बंदूक ठेवल्यास मालक जबाबदार.

प्रशिक्षण निरुपयोगी म्हणून टाकून द्यावं, असं मात्र मी म्हणणार नाही. धडा बदलला तर ते कामाचं होऊ शकेल. २००९ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका बंदुकीच्या दुकानातून आठवड्याच्या आत तीन वेगवेगळ्या माणसांनी पिस्तुलं नेली आणि काही तासांत आत्महत्या केल्या. तिघांची एकमेकांशी ओळख नव्हती. दुकानदार हादरला. त्याने राज्यातल्या आरोग्यसंशोधकांना आणि इतर दुकानदारांना एकत्र बसवलं. गिऱ्हाईक रडवेलं आहे, बंदुकीची माहिती नाही, कोणतीही चालेल म्हणतं, एकच खोका काडतुसं मागतं, तर विकू नका, बोला, अशी पत्रकं दुकानांत लागली. नेहमीच्या दहा सुरक्षा-नियमांना अकरावा नियम जोडला गेला. घरातलं कुणी खचलेलं दिसलं तर बंदूक काही दिवस घराबाहेर, मित्राकडे, दुकानात ठेवा. युटा राज्याने हा विषय परवान्याच्या अभ्यासक्रमातच घातला. या धड्याने किती जीव वाचले ते मोजायला वेळ लागेल. पण निदान तो जिथे माणसं मरतात त्या जागेवर बोट ठेवतो. आणि सांगणारा बंदूकवाला आहे, म्हणून बंदूकवाले ऐकतात. आपल्यासारख्या प्राध्यापकांचं त्यांनी कधी ऐकलं असतं असं वाटत नाही.

आता थोडं घरचं. आपला शस्त्र कायदा १९५९ चा. परवाना जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देतात, पोलिसांची पडताळणी होते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाजवळ तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवली, आणि लग्नावरातीत आनंदाने गोळ्या झाडणं हा वेगळा गुन्हा केला. २०१६ च्या नियमांत शस्त्र आणि दारूगोळा सुरक्षेच्या प्रशिक्षणाची तरतूद आली. म्हणजे आज अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक राज्यांत जी अट नाही ती कागदावर आपल्याकडे आहे. तरी ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत एका लोकप्रिय हिंदी अभिनेत्याच्या पायात त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी शिरली. ते थोडक्यावर निभावलं. जुलै २०२३ मध्ये जयपूर-मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या शिपायाने सरकारी रायफलीने चौघांना मारलं, त्यात त्याचा वरिष्ठही होता. त्याच्या प्रशिक्षणात काय कमी होतं?

निवडणूक आली की परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. कोकणातला शेतकरी कुरकुरतो, डुकरं काही आचारसंहिता पाळत नाहीत म्हणतो, आणि त्याचं म्हणणं खरंही आहे. उद्देश दहशत टाळण्याचा असतो. पण त्या काही आठवड्यांत त्या घरांतल्या रागाच्या आणि निराशेच्या क्षणांचं काय होतं, हे कुणीतरी मोजायला हवं. जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या नोंदी आणि ठाण्यातली जमा-पावत्यांची वही, दोन्ही शेजारी ठेवून बसलं तर एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याचा प्रबंध होईल. सभागृहात कुणी विद्यार्थी असतील तर त्यांनी जरूर विचार करावा, मी मदत करीन.

आणि परवान्याच्या अर्जाकडे एकदा नीट पाहा. त्यात दोन प्रश्न आहेत. तुम्ही प्रशिक्षण घेतलंय का, हा एक. शस्त्र आणि काडतुसं ठेवायला तुमच्याकडे सुरक्षित जागा आहे का, हा दुसरा. पहिल्याच्या उत्तराला प्रमाणपत्र जोडता येतं, दुसऱ्यापुढे 'होय' लिहिता येतं. परवाना देताना आणि पाच वर्षांनी नूतनीकरण करताना पोलिसाने घरी जाऊन ती जागा पाहावी, किल्ली कुणाकडे असते ते विचारावं, आणि हे अर्जदाराच्या बायकोसमोर विचारावं, एवढीच माझी सूचना आहे. सभागृहात परवानाधारक असतीलच. तुमच्या पडताळणीला आलेल्या जमादाराने कपाट उघडायला लावलं होतं का, ते प्रश्नोत्तरांच्या वेळी सांगितलंत तर आपली चर्चा तिथूनच सुरू करू.